बेंच वॉरंट: चुकलेली तारीख आणि ती निस्तरण्याची वाट

समजा, नाशिकचा एक विद्यार्थी टेक्सासमधल्या विद्यापीठात एम. एस. करतो आहे. डिसेंबरच्या सुट्टीत तो मित्रांसह गाडी घेऊन पश्चिमेकडे निघतो. कित्येक तास ओसाड माळरान कापल्यावर वेगाचे भान सुटते, मागून निळे-लाल दिवे लागतात, शेरीफचा, म्हणजे तिथल्या जिल्हा पोलीसप्रमुखाचा, डेप्युटी परवाना तपासतो, दंडाचे तिकीट देतो आणि त्यावर सही घेतो. तिकिटावर ज्या काउंटीचे (जिल्ह्याचे) नाव असते, ते त्याने पूर्वी कधी ऐकलेलेही नसते. कागद गाडीच्या खणात जातो, सेमिस्टर सुरू होते, जानेवारीत तो घर बदलतो आणि न्यायालयाने पाठवलेले पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहते. दीड वर्षाने ह्यूस्टनमध्ये गाडीचा मागचा दिवा बंद असल्यामुळे पोलीस थांबवतात, संगणकात नाव घालतात आणि त्याला गाडीतून उतरायला सांगतात. त्याच्या नावावर वॉरंट निघालेले असते.

हे उदाहरण कल्पित आहे, पण यातला प्रत्येक टप्पा नेहमी घडणारा आहे आणि तो फक्त परदेशी विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येतो असे नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या गरीब माणसाला तो कितीतरी अधिक वेळा आणि अधिक कठोरपणे भोगावा लागतो. म्हणून बेंच वॉरंट म्हणजे काय, ते कसे निघते आणि निघालेच तर कसे मिटवावे, हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडत आहे. तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांना आणि त्यांच्या काळजीत असलेल्या इकडच्या आईवडिलांना त्याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे. हे कायदेशीर सल्ल्याचे काम करू शकत नाही. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे आणि प्रत्येक प्रकरणाची गाठ वेगळी असते.

गैरहजेरीचा आदेश

इथे ‘बेंच’ म्हणजे न्यायासन. पोलिसांनी एखाद्या गुन्ह्याचा तपास करून, शपथपत्रावर पुरेसे कारण दाखवून न्यायाधीशाकडून जे मिळवलेले असते ते अटक वॉरंट. बेंच वॉरंटमध्ये पोलिसांनी काही मागितलेले नसते. न्यायालयाने दिलेला आदेश पाळला गेला नाही, म्हणून न्यायाधीश स्वतःच न्यायासनावरून ‘या व्यक्तीला पकडून माझ्यासमोर आणा’ असे फर्मावतो. आपल्याकडे ‘तारखेला गेला नाही म्हणून पकड वॉरंट निघाले’ असे म्हणतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे. काही राज्यांत, विशेषतः टेक्सासमध्ये, त्याला ‘कॅपियस’ हा जुना लॅटिन शब्द वापरतात. दंड न भरल्यामुळे निघालेल्या वॉरंटाला ‘कॅपियस प्रो फाइन’ म्हणतात.

तारीख चुकणे हे सर्वांत नेहमीचे कारण असले तरी ते एकमेव नाही. दंडाचा हप्ता थकला, समाजसेवेचे ठरवून दिलेले तास पूर्ण झाले नाहीत, प्रोबेशनची (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे राहण्याची) अट मोडली, साक्षीदार म्हणून समन्स आले असता गेलो नाही, मुलांच्या पोटगीच्या सुनावणीला हजर राहिलो नाही, यांपैकी कशामुळेही बेंच वॉरंट निघू शकते. म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोपच नाही, अशा माणसाच्या नावावरही ते असू शकते.

मूळ प्रकरण आणि वॉरंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक लोकांचा गोंधळ इथेच होतो. वेगाचा दंड दीडशे डॉलर असेल, पण वॉरंट त्या दीडशे डॉलरसाठी नसते, ते न्यायालयाचा शब्द मोडल्यासाठी असते. म्हणूनच नुसता मूळ दंड ऑनलाइन भरला की वॉरंट आपोआप गेले, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय अनेक राज्यांत तारखेला हजर न राहणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. एका कागदाची दोन प्रकरणे होतात ती अशी. तिकिटावर केलेली सही हा गुन्ह्याचा कबुलीजबाब नसतो, ‘मी अमुक तारखेपर्यंत हजर होईन’ असे ते वचन असते. ते वचन पाळण्याचा अर्थ प्रत्येक वेळी प्रत्यक्ष जाणे असाही नाही. मुदतीच्या आत दंड भरणे, गुन्हा नाकबूल असल्याचे लेखी कळवणे किंवा सुरक्षित वाहनचालनाचा वर्ग करण्याची परवानगी मागणे, यांपैकी जे त्या राज्यात चालते ते केले तरी पुरते. काहीच न करणे एवढेच चालत नाही.

आणि हे वॉरंट शिळे होत नाही. भारतात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ नुसार, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० नुसार, वॉरंट काढणारे न्यायालय ते रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहते. अमेरिकेतही सर्वसाधारणपणे तसेच आहे. ‘इतकी वर्षे झाली, आता कोण विचारतो’ हा हिशेब दोन्ही देशांत चुकतो.

काउंटीचा आकार आणि अंतर

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण लोकसंख्येच्या बाबतीत ही तुलना फसवी आहे. अमेरिकेत तीन हजार एकशेहून अधिक काउंट्या आहेत, त्यांपैकी २५४ एकट्या टेक्सासमध्ये. ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस काउंटीत आहे, तिथे २०२० च्या जनगणनेत ४७ लाखांहून अधिक लोक मोजले गेले; त्याच राज्यातल्या लव्हिंग काउंटीत ६४. दोन्हीकडे कायदा एकच, पण एकीकडे न्यायालयांचे मजल्यांवर मजले आणि दुसरीकडे एखादी लहानशी इमारत.

ग्रामीण काउंटीचे न्यायालय रोज भरेलच असे नाही. कित्येक ठिकाणी न्यायाधीश दोन-चार काउंट्यांत फिरतीवर असतो आणि एखाद्या प्रकारच्या प्रकरणांसाठी आठवड्यातून एक, कधी महिन्यातून एकच दिवस राखलेला असतो. तो दिवस चुकला की पुढची संधी महिन्याने येते. खालच्या पातळीवरचा न्यायाधीश, जसे टेक्सासमधला जस्टिस ऑफ द पीस, कायद्याचा पदवीधर असण्याची अट नाही. तो लोकांनी निवडून दिलेला असतो. शेरीफही बहुतेक राज्यांत निवडून येतो आणि त्याच्या हाताखाली मोजके डेप्युटी असतात. बस नाही, रेल्वे नाही. न्यायालयाचे गाव घरापासून शंभर किलोमीटरवर असेल आणि परवाना निलंबित असेल, तर तारखेला जायचे कसे, हा प्रश्न त्या माणसाचा त्यानेच सोडवायचा असतो.

वकिलांची टंचाई ही याहून मोठी अडचण आहे. अमेरिकन बार असोसिएशनने २०२० मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे १,३०० काउंट्यांत दर हजार लोकांमागे एकही वकील भरत नव्हता. साउथ डकोटाने तर २०१३ मध्ये खेड्यात जाऊन वकिली करणाऱ्यांना पैसे देण्याची योजना सुरू केली. आपल्याकडे ग्रामीण भागात डॉक्टर जावेत म्हणून जे करावे लागते, ते तिथे वकिलांसाठी करावे लागते. जिथे वकील नाही, तिथे माणूस अंदाजाने वागतो आणि भीतीपोटी केलेला अंदाज बहुधा लांब राहण्याचाच असतो.

या भीतीतून एक साखळी तयार होते. तारीख चुकली की अनेक राज्यांत न्यायालय वाहन खात्याला कळवते. राज्याबाहेरच्या चालकांसाठी ४४ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांच्यात एक करार आहे, त्यानुसार एका राज्यातले तिकीट दुर्लक्षिले तर घरच्या राज्यातला परवाना निलंबित होऊ शकतो. पण कामावर जायला गाडीशिवाय पर्याय नसतो, म्हणून माणूस निलंबित परवान्यावर गाडी चालवतो. त्यात पकडला गेला की तो वेगाच्या तिकिटापेक्षा गंभीर गुन्हा ठरतो, त्याची नवी तारीख पडते, त्या तारखेला गेलो तर पहिल्या वॉरंटात अडकू या भीतीने तो जात नाही आणि दुसरे वॉरंट निघते. सुरुवातीला जे प्रकरण एका फोनने आणि शे-दीडशे डॉलरने मिटले असते, ते दोन वर्षांनी दोन काउंट्या, दोन वॉरंटे आणि गेलेली नोकरी एवढे होऊन बसते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी २०१६ च्या यूटा विरुद्ध स्ट्रीफ या खटल्यातल्या आपल्या भिन्नमतात लिहिले आहे की, सरकारी नोंदकोशांत ७८ लाखांहून अधिक वॉरंटे प्रलंबित आहेत आणि त्यांतली बहुसंख्य किरकोळ गुन्ह्यांची दिसतात. मिसूरीतल्या फर्ग्युसन या २१,००० वस्तीच्या गावाशी संबंधित प्रलंबित वॉरंटे १६,००० माणसांच्या नावावर होती, असेही त्यांनी नमूद केले. त्या खटल्याचा निकाल वॉरंट अंगावर असणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखा आहे. पोलिसाने स्ट्रीफ याला बेकायदा थांबवले होते, तरी त्याच्या नावावर वाहतुकीच्या किरकोळ प्रकरणाचे वॉरंट निघाले आणि त्यामुळे त्यानंतरची झडती व सापडलेला पुरावा सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. अंगावर वॉरंट असले की घटनेने दिलेले झडतीविरुद्धचे संरक्षण असे पातळ होते.

वॉरंट निघाल्यावर काय घडते

बहुतेक वेळा तत्काळ काहीही घडत नाही, आणि त्यामुळेच माणूस फसतो. किरकोळ प्रकरणातल्या वॉरंटासाठी मोजक्या डेप्युटींना घरोघर पाठवणे शेरीफला परवडत नाही. नाव राज्याच्या संगणकात जाते. गुन्हा गंभीर असेल तर राष्ट्रीय नोंदकोशातही. नोंदीसोबत किती अंतरावरून आरोपीला आणायला आम्ही तयार आहोत, हेही काउंटी लिहून ठेवते. गरीब काउंटी दीडशे डॉलरच्या दंडासाठी हजार मैलांवर माणूस पाठवत नाही. त्यामुळे दुसऱ्या राज्यात पोलिसांनी थांबवूनही सोडून दिल्याचे अनुभव लोक सांगतात आणि त्यावरून वॉरंट गेले असा समज करून घेतात. ते गेलेले नसते. त्या राज्यात पुन्हा पाऊल ठेवले, परवान्याचे नूतनीकरण करायला गेलो किंवा नव्या नोकरीसाठी पूर्वचौकशी झाली की ते समोर येते.

अटक शुक्रवारी संध्याकाळी झाली तर तीन रात्री कोठडीत जाण्याची शक्यता मोठी असते, कारण न्यायाधीश सोमवारीच भेटतो. अटक भलत्याच काउंटीत झाली तर मूळ काउंटीची गाडी येईपर्यंत थांबावे लागते. वॉरंटाशिवाय अटक झालेल्याला साधारण ४८ तासांच्या आत न्यायाधीशाने अटकेचे कारण तपासून मिळते, हा १९९१ च्या निकालाने घालून दिलेला दंडक आहे. पण बेंच वॉरंटात न्यायाधीशाचा आदेश आधीच झालेला असल्याने तो दंडक तसाच लागू होत नाही, आणि किती दिवसांत हजर करायचे हे त्या त्या राज्याच्या नियमांवर राहते.

मिटवायचे कसे

पहिले काम म्हणजे नक्की काय आहे ते कळून घेणे. अनेक राज्यांत खटल्यांची नोंद घरबसल्या पाहता येते. मिसूरीत ‘केस नेट’ आहे, ओक्लाहोमा आणि विस्कॉन्सिन यांच्याही अशा सोयी आहेत. न मिळाल्यास न्यायालयाच्या क्लार्कला फोन करावा. ग्रामीण काउंटीत क्लार्कइतका उपयोगी माणूस दुसरा नाही. त्याला कायद्याचा सल्ला देता येत नाही आणि तो मागूही नये, पण प्रकरणाचा क्रमांक काय, वॉरंट कोणत्या कारणाने व कोणत्या तारखेला निघाले, जामिनाची रक्कम ठरली आहे का, ती रोखच भरावी लागेल का, न्यायाधीश कोणत्या दिवशी बसतात, वॉरंट असलेल्यांना स्वतःहून येण्यासाठी वेगळी वेळ राखली आहे का, दूरदृश्य सुनावणी मिळते का, हे सर्व तो सांगू शकतो. हे प्रश्न कागदावर लिहून मग फोन करावा आणि बोलणाऱ्याचे नाव, तारीख व वेळ टिपून ठेवावी. चौकशीसाठी शेरीफच्या कार्यालयात मात्र स्वतः जाऊ नये. तिथे नाव सांगितले की अटक करणे हे त्यांचे कर्तव्यच होते. वकील करायचा असेल तर आधी त्याच्याशी बोलून मग त्यालाच चौकशी करू देणे अधिक चांगले.

वॉरंटावर जामिनाची रक्कम लिहिलेली असेल तर ती भरून नवी तारीख घेता येते. काही वॉरंटे केवळ रोख रकमेवर सुटतात, म्हणजे जामीनदार कंपनीचे हमीपत्र चालत नाही. काहींवर जामीनच नसतो आणि न्यायाधीशासमोर उभे राहण्याला पर्याय उरत नाही. कित्येकदा मात्र स्वतःहून आलेल्या माणसाला न्यायाधीश जातमुचलक्यावर सोडतो.

वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज करणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. किरकोळ प्रकरणांत अनेक राज्ये आरोपीच्या वतीने वकिलाने हजर राहणे मान्य करतात, त्यामुळे हजार मैलांवरून जाण्याची गरजही उरत नाही. वकील शक्यतो त्याच भागातला घ्यावा. कोणता न्यायाधीश कोणत्या दिवशी काय ऐकून घेतो, हे मोठ्या शहरातल्या महागड्या वकिलाला ठाऊक नसते. परवडत नसेल आणि प्रकरणात तुरुंगवासाची शक्यता असेल, तर सरकारी खर्चाने वकील मागण्याचा हक्क आहे. केवळ दंडाच्या प्रकरणात सर्वसाधारणपणे तो मिळत नाही. हा हक्क कधी सुरू होतो, याचा निर्णय टेक्सासच्या गिलेस्पी काउंटीतून आलेल्या २००८ च्या रॉथगेरी खटल्यात झाला. रॉथगेरी यांना चुकीच्या नोंदीमुळे जुना गुन्हेगार समजून पकडले होते, वकील मागूनही सहा महिने मिळाला नाही, मधल्या काळात त्यांना तीन आठवडे तुरुंगात काढावे लागले, आणि वकील मिळताच त्याने कागदपत्रे जमवून खटलाच निकालात काढला. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा उभे केले जाते तेव्हाच हा हक्क लागू होतो.

वकील नसेल तर स्वतः जावे लागेल, आणि तेव्हा कोणत्या दिवशी जायचे याला फार महत्त्व आहे. ज्या दिवशी न्यायाधीश बसतो त्याच दिवशी, सकाळी न्यायालय उघडता उघडता जावे. शुक्रवारी दुपारी जाणे म्हणजे तीन रात्री धोक्यात घालणे. परवाना निलंबित असेल तर दुसऱ्या कोणाला तरी गाडी चालवायला सांगावे, कारण त्या वाटेवर स्वतः गाडी चालवणे म्हणजे नव्या गुन्ह्याला आमंत्रण. मुले शाळेतून कोण आणेल याची सोय करून निघावे, रोजच्या औषधांची यादी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह खिशात ठेवावी, घरी एका माणसाला काउंटीचे नाव व प्रकरणाचा क्रमांक देऊन ठेवावा. स्वतःहून गेल्यावर अटक होणारच नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण पकडून आणलेला आणि चालत आलेला, या दोघांकडे न्यायाधीश वेगळ्या नजरेने पाहतो, आणि काही ठिकाणी कायद्यानेच तसे पाहायला लावले आहे. टेक्सासने २०१७ मध्ये कायदा बदलून दोन गोष्टी केल्या. पहिल्या तारखेला न आल्याबद्दल वॉरंट काढण्यापूर्वी छोट्या न्यायालयांनी फोन किंवा टपालाने नवी तारीख कळवलीच पाहिजे. आणि वॉरंटाची बजावणी होण्याआधी माणूस स्वतः येऊन प्रकरण मिटवण्याचा प्रामाणिक प्रयत्न करीत असेल, तर न्यायाधीशाने ते मागे घेतलेच पाहिजे. सुरुवातीच्या उदाहरणातल्या विद्यार्थ्याला अशीच सूचना गेली होती, जुन्या पत्त्यावर. त्याने न्यायालयाला नवा पत्ता कळवला असता, किंवा अटकेच्या आदल्या दिवशीपर्यंत कधीही स्वतः जाऊन उभा राहिला असता, तर बेड्या टळल्या असत्या.

न्यायाधीशासमोर थोडके बोलावे. मूळ गुन्हा केला की नाही, याविषयी एक शब्दही काढू नये. ते बोलणे नोंदले जाते आणि गप्प राहण्याचा हक्क आपल्याला असतो. का येता आले नाही, ते एका-दोन वाक्यांत, कागद दाखवून सांगावे: रुग्णालयाचा कागद, परत आलेले टपालाचे पाकीट, बदललेल्या पत्त्याचा भाडेकरार. मग तीन गोष्टी मागाव्यात: वॉरंट मागे घ्यावे, नवी तारीख द्यावी, आणि पैसे नसतील तर हप्ते बांधून द्यावेत.

पैसे नसतील तर

इथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण ग्रामीण काउंट्यांतली कितीतरी वॉरंटे थकलेल्या पैशांचीच असतात. जॉर्जियातल्या कॅटूसा काउंटीत डॅनी बेअर्डन नावाच्या माणसाला ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर भरपाई असा आदेश झाला होता. त्याने आईवडिलांकडून उसने घेऊन २०० भरले, मग त्याची नोकरी गेली. त्याला वाचता येत नव्हते आणि दुसरे काम मिळत नव्हते. उरलेले पैसे थकले तेव्हा न्यायालयाने त्याचे प्रोबेशन रद्द करून त्याला तुरुंगात पाठवले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला आणि नियम घालून दिला: पैसे असून मुद्दाम भरले नाहीत की खरोखरच भरता आले नाहीत, याची चौकशी केल्याशिवाय न भरल्याबद्दल कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही.

हा नियम पुस्तकात आहे म्हणून खेड्यातल्या न्यायालयात तो आपोआप लागू होतो, असे मात्र नाही. मिसूरीत कित्येक वर्षे अशी रीत होती की, तुरुंगात काढलेल्या दिवसांचे बिल त्या कैद्यालाच लावायचे, ते न्यायालयीन खर्चात धरायचे आणि ते फिटेपर्यंत त्याला वारंवार तारखेवर बोलवायचे. एक तारीख चुकली की वॉरंट, पुन्हा तुरुंग, पुन्हा नवे बिल. सेंट लुईसचे पत्रकार टोनी मेसेंजर यांनी या ग्रामीण न्यायालयांवर सातत्याने लिहिले, त्यासाठी त्यांना २०१९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रिची खटल्यात, तुरुंगाचे बिल न्यायालयीन खर्च म्हणून लावता येत नाही, असा निर्णय दिला. हे सारे चांगले झाले, पण ते होण्याआधी ज्यांची वर्षे त्यात गेली त्यांना ती परत मिळालेली नाहीत.

म्हणून ऐपत नसलेल्या माणसाने ती चौकशी स्वतःहून मागावी. पगाराच्या चिठ्ठ्या, घरभाड्याची पावती, बेकारी भत्त्याचा कागद, मुलांच्या औषधांची बिले बरोबर न्यावीत आणि ‘मला भरायचे आहे, माझी ऐपत एवढी आहे, महिन्याला एवढे जमेल किंवा त्याऐवजी समाजसेवा द्यावी’ असे स्पष्ट सांगावे. जमणार नाही तो हप्ता भिडेखातर कबूल करू नये, कारण तो थकला की पुढचे वॉरंट त्याच कागदावरून निघते.

व्हिसावर असलेल्यांसाठी

परदेशी नागरिकाने गुन्हा कबूल करण्यापूर्वी, प्रकरण कितीही क्षुल्लक वाटले तरी, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे. कबुलीचे परिणाम देशाबाहेर काढले जाण्यापर्यंत जाऊ शकतात, हे आरोपीला सांगणे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य आहे, असे २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी या निकालाने ठरले आहे. पण वकीलच न घेता ऑनलाइन दंड भरणाऱ्याला ते कोण सांगणार? साधा वेगाचा दंड बहुतेकांना अपायकारक ठरत नाही. दारू पिऊन गाडी चालवणे किंवा निलंबित परवान्यावर चालवणे, ही प्रकरणे वेगळी. व्हिसाच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जांत अटकेबद्दल विचारतात, तिथे लपवलेले उत्तर हे मूळ तिकिटापेक्षा कितीतरी घातक असते. २०२५ च्या वसंतात अमेरिकी यंत्रणेने सुमारे १३ लाख परदेशी विद्यार्थ्यांची नावे राष्ट्रीय गुन्हे नोंदकोशाशी ताडून पाहिली आणि नावे जुळलेल्या हजारो विद्यार्थ्यांच्या, विद्यार्थी म्हणून देशात राहण्याच्या अधिकृत नोंदी बंद केल्या. त्यांत खटला केव्हाच रद्द झालेले आणि वाहतुकीच्या किरकोळ प्रकरणातलेही होते. न्यायालयांत दावे झाल्यावर एप्रिलअखेरीस नोंदी पूर्ववत होऊ लागल्या, पण तोवरचे ते आठवडे अनेक घरांनी जीव मुठीत धरून काढले. ज्यांच्याकडे कायदेशीर वास्तव्याची कागदपत्रे नाहीत, त्यांनी तर वकिलाशी बोलल्याविना न्यायालयात स्वतः जाण्याचा निर्णय घेऊच नये.

याच भीतीवर जगणारे भामटेही आहेत. ‘तुम्ही ज्यूरीच्या कामाला आला नाहीत, तुमच्या नावावर वॉरंट आहे, आत्ताच्या आत्ता गिफ्ट कार्डाने पैसे भरा’ असे फोन येतात, त्याबद्दल तिथले फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांचे हित पाहणारी सरकारी संस्था, वेळोवेळी सावध करते. आपल्याकडच्या ‘डिजिटल अरेस्ट’चाच हा भाऊ. खरे न्यायालय गिफ्ट कार्ड वा क्रिप्टो घेत नाही. फोन ठेवावा आणि काउंटीच्या अधिकृत संकेतस्थळावरून क्लार्कचा क्रमांक शोधून स्वतः विचारावे.

रद्द झाल्यानंतर

न्यायाधीशाने ‘वॉरंट मागे घेतले’ म्हटले की लोक सुटकेचा श्वास टाकून घरी जातात. अजून काम संपलेले नसते. न्यायालयाच्या वहीतून नाव निघाले तरी शेरीफच्या संगणकातून ते निघेपर्यंत मध्ये एका माणसाचे काम असते, आणि ते राहून जाऊ शकते. अलाबामातल्या कॉफी काउंटीत जुलै २००४ मध्ये बेनी डीन हेरिंग हा जप्त झालेल्या ट्रकमधली वस्तू घ्यायला शेरीफच्या कार्यालयात गेला. तपास अधिकाऱ्याने त्याच्या नावावर वॉरंट आहे का विचारले. कॉफी काउंटीत नव्हते, पण शेजारच्या डेल काउंटीच्या संगणकाने तारखेला हजर न राहिल्याचे एक दाखवले. त्याला अटक झाली, झडतीत अमली पदार्थ आणि पिस्तूल सापडले. दहा-पंधरा मिनिटांतच उघड झाले की ते वॉरंट पाच महिन्यांपूर्वीच मागे घेतलेले होते, फक्त संगणकात तशी नोंद झाली नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरले की, एखाद्या कर्मचाऱ्याच्या अशा तुटक निष्काळजीपणामुळे सापडलेला पुरावा बाद होत नाही.

तेव्हा त्या दिवशी न्यायालयातून निघण्यापूर्वीच वॉरंट मागे घेतल्याच्या आदेशाच्या प्रमाणित प्रती घ्याव्यात. एक गाडीत, एक घरी ठेवावी आणि तिचा फोटो फोनमध्ये असावा. आठ-दहा दिवसांनी क्लार्कला फोन करून शेरीफकडची नोंद निघाली का, ते विचारावे. परवान्याचे निलंबन हे वेगळे खाते आहे. त्यासाठी न्यायालयाचा पूर्ततेचा कागद वाहन खात्याकडे पोहोचवून, पुनर्स्थापनेचे शुल्क भरून, परवाना पुन्हा वैध झाल्याचे लेखी हाती येईपर्यंत गाडीला हात लावू नये. आणि नवी तारीख मिळाली असेल तर ती घरातल्या दोघांच्या फोनमध्ये आठवणीसह घालावी. नेब्रास्कातल्या १४ काउंट्यांत केलेल्या प्रयोगात, न गेल्यास काय होईल हे सांगणारे साधे पोस्टकार्ड तारखेआधी पाठवल्याने गैरहजेरी १२.६ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आली होती. आपल्या काउंटीचे न्यायालय असे कार्ड किंवा संदेश पाठवते का, हे क्लार्कला विचारून नाव नोंदवावे, आणि त्याच फोनवर आपला सध्याचा पत्ता त्यांच्याकडे बरोबर लिहिलेला आहे ना, तो वाचून दाखवायला सांगावे.